कंटेनर उघडायचा की सोडायचा? कस्टम्सच्या कामाविषयी

शेवाकाठ

परवा एका लग्नात मामांनी माझी ओळख करून दिली, "हा कस्टममध्ये असतो." समोरच्या गृहस्थांनी लगेच विचारलं, "मग विमानतळावर ओळख असेल तुमची?" मी कस्टममध्ये नाही. कस्टम ब्रोकरकडे आहे, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्याकडे. जी-कार्डवाला, म्हणजे त्यासाठीची कस्टम्सची परीक्षा पास झालेला. गेली अठरा वर्षं न्हावा शेव्याला लोकांच्या मालाची कागदपत्रं करतो, कंटेनर तपासणीच्या वेळी तिथे उभा राहतो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्याकडे कस्टम्स म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: विमानतळावर उघडलेली बॅग आणि पकडलेलं सोनं. मधलं सगळं काम कुणाला दिसतच नाही. म्हणून हा धागा.

मी मूळचा उरणचा. आजोबांची खाडीकाठची भातशेती संपादनात गेली. २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. जिथे आम्ही खेकडे पकडायचो तिथून आज देशातल्या मोठ्या बंदरांवरच्या कंटेनर वाहतुकीचा साधारण निम्मा भाग जातो-येतो. तुमच्या मोबाइलचा चार्जर, दवाखान्यातलं मशीन, घरातलं खाद्यतेल, यातलं काहीतरी आमच्या गावावरून गेलेलं असतं.

आता काम कसं चालतं ते सांगतो. जहाज धक्क्याला लागायच्या आधीच जहाज कंपनी मालाची यादी कस्टम्सला पाठवते. आयातदाराने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. माल काय आहे, कुठल्या कोडात (शुल्कासाठीच्या मालाच्या क्रमांकात) बसतो, किंमत किती, शुल्क किती, हे सगळं २०११पासून आयातदारानेच सांगायचं असतं. म्हणजे सुरुवात विश्वासाने होते. मग ते बिल संगणकाच्या जोखीम-व्यवस्थेतून जातं, आमच्या बोलीत आरएमएसमधून. आयातदार नवा की जुना, माल कुठल्या देशातून आला, सांगितलेली किंमत त्या मालाच्या नेहमीच्या भावाशी जुळते का, अशा गोष्टींवरून ठरतं की बिल सरळ सोडायचं, अधिकाऱ्याने कागद तपासायचे, की कंटेनरच उघडायचा. २०२०पासून तर कागद तपासणारा अधिकारी शेव्याला बसलेला असेलच असं नाही. चेन्नईत असेल, दिल्लीत असेल. आयातदाराला त्याचं नावही कळत नाही. सगळं झालं की आउट ऑफ चार्ज, ओओसी, म्हणजे माल घेऊन जायची परवानगी. हे तीन अक्षरी शब्द ऐकले की आमचा दिवस संपतो.

मला सांगायचं आहे ते एवढंच: बहुतेक कंटेनर उघडले जात नाहीत आणि उघडायचेही नसतात. चाळीस फुटी कंटेनर पूर्ण रिकामा करून परत भरायचा तर माथाडी कामगार लावून अख्खा दिवस जातो. प्रत्येक कंटेनर उघडला तर दोन दिवसांत बंदर तुंबेल, कारखाने कच्च्या मालाअभावी थांबतील. एकही उघडला नाही तर काय होईल ते २०२०च्या ऑगस्टमध्ये इथेच दिसलं. ज्येष्ठमधाच्या नावाखाली आलेल्या मालात बांबूसारखे रंगवलेले पाइप होते, त्यांत १९१ किलो हेरॉइन. पुढच्या वर्षी मुंद्र्याला टाल्क दगड म्हणून आलेल्या कंटेनरांत जवळजवळ ३,००० किलो सापडलं. माल अफगाणिस्तानचा, इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेला. २०२२ला पुन्हा आमच्याकडे सफरचंद आणि नासपतीच्या खोक्यांत ५० किलो कोकेन. ही फळं खरीच होती, वासही फळांचाच.

व्यापार वेगाने सोडणं आणि धोका अडवणं ही दोन वेगळी खाती नाहीत. नव्याण्णव प्रामाणिक कंटेनर लवकर सोडले, तरच शंभराव्याकडे बघायला माणसं आणि वेळ उरतो. तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

निफाडची माती

दादा, लिहिलंय चांगलं. पण आमच्याकडे कस्टम म्हटलं की १९ ऑगस्ट २०२३ आठवतो. शनिवार होता. संध्याकाळी बातमी आली की कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, तेही लगेच लागू. माझा उन्हाळ कांदा चाळीत होता. एप्रिलपासून सांभाळलेला, रोज सडका निवडून बाहेर काढलेला. सोमवारपासून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. आम्ही ज्यांना माल देतो त्या व्यापाऱ्याचे कंटेनर बंदरात जाऊन उभे होते, त्यांनाही ४० टक्के भरा म्हणाले. सौदा तर जुन्या भावाने झालेला. हा विश्वास कुठला?

शेवाकाठ

त्या आठवड्यात मी तिथेच होतो, त्यामुळे तुमचा राग कळतो. फोन उचलायची भीती वाटायची.

नियम असा आहे. निर्यात शुल्काचा दर कुठल्या दिवशीचा धरायचा हे सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६मध्ये लिहिलंय. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, भरल्याचा दिवस धरत नाहीत, सौदा ठरल्याचाही नाही. अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर (एलईओ) निघते, तो दिवस धरतात. ज्यांची एलईओ १९ तारखेआधी झाली ते सुटले. ज्यांचा ट्रक गेटच्या आत होता पण एलईओ बाकी होती ते अडकले. शुल्क किती आणि कधीपासून हे केंद्राचं अर्थमंत्रालय ठरवतं. खिडकीवरच्या अधिकाऱ्याला त्यात एक टक्काही सूट देता येत नाही. पण शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला समोर दिसतो तो खिडकीवरचाच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नाशवंत मालावर एका संध्याकाळीत शुल्क लावणं चूक होतं. वाटेतल्या मालाला मोकळीक द्यायला हवी होती. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली तेव्हा आदेशातच तशी सोय होती: ज्यांचा माल कस्टम्सच्या ताब्यात दिला गेला होता, किंवा ज्यांचं बिल भरून जहाज धक्क्याला लागलं होतं, त्यांना जाऊ दिलं. म्हणजे तसं लिहिता येतं. ऑगस्टमध्ये लिहिलं नाही.

निफाडची माती

मे २०२४ला बंदी उठली तरी ४० टक्के राहिलेच. सप्टेंबरात २० झाले. शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर आमचे बाहेरचे गिऱ्हाईक दुसऱ्या देशांच्या कांद्याकडे वळले. गेलेला गिऱ्हाईक परत आणणं किती अवघड असतं ते बाजारात बसणाऱ्यालाच कळतं.

बखरवाचक

इथे एक जुनं पत्र आठवलं. १६७१ सालचं, शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं, मिठाच्या जकातीविषयी. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पिकायचं. ते घाटावर जाऊ लागलं तर संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक उरणार नव्हतं. म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा तो हुकूम आहे. मला त्यातलं बारीक गणित फार आवडतं. बंदी घातलेली नाही. दोन्हीकडचा भाव आणि वाहतुकीचा खर्च बघून जकात ठरवायला सांगितली आहे. नाहीतर आपलं मीठ पडून राहील आणि आपली बंदरं बसतील, ही काळजी त्यामागे आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी!

निफाडची माती

ताई, महाराजांनी बाहेरच्या मिठावर जकात लावली, आपल्या आगरवाल्यासाठी. आमच्या कांद्यावर आमच्याच सरकारने लावली. फरक एवढाच सांगतो आणि थांबतो.

बखरवाचक

हा फरक खरा आहे, आणि मला तो नाकारायचा नाही.

दर्यालगत

मी श्रीवर्धन तालुक्यातला. वय आता सत्तरीकडे. या विषयावर आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर रात्री माल उतरायचा हे लहान पोरांनाही माहीत होतं. दुबईहून गलबतं यायची. सोन्याची दहा तोळ्यांची बिस्किटं, घड्याळं, परदेशी कापड. तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, बाहेरून सोनं आणायची वाट जवळपास बंद, आणि लग्नात सोनं तर प्रत्येकाला हवं. त्यामुळे गावात कुणाला ते पाप वाटत नसे. ओझं वाहिलं की एका रात्रीत महिन्याची मजुरी. ज्यांनी बघायचं ते बघत नसत, त्याचे त्यांना पैसे मिळत. सरकारने १९६८चा तो कायदा १९९०ला रद्द केला. १९९२ला परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली. सोन्याचा हा धंदा आपोआप बसत गेला.

पण वाट राहिली. बघणाऱ्यांची डोळे झाकायची सवयही राहिली. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याच वाटेने दिघीला आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. खटल्यात पोलिसांबरोबर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या, एका वरिष्ठ अधिकाऱ्याला जन्मठेप. २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कस्टम्सच्या आणि पोलिसांच्या वागण्यावर कडक शब्दांत ठपका ठेवला.

लाच घेणाऱ्याला वाटतं, आपण फक्त सोनं-चांदी सोडतोय, सरकारचा थोडा महसूल बुडेल, बाकी कुणाचं काय जातं. पोत्यात काय आहे हे त्याला माहीत नसतं, आणि पैसे घेतल्यावर विचारायची सोयही उरत नाही. मला त्या खात्याबद्दल कुणी काही विचारलं की मी हेच सांगतो. माझा एक शाळासोबती वरळीला नोकरीला होता. त्या दिवशी तो घरी आला नाही.

शेवाकाठ

काका, लिहिलंत त्याबद्दल आभार. यावर लगेच काही उत्तर द्यावंसं वाटत नाही.

साचाकाठी

मी इचलकरंजीचा, मागांचे सुटे भाग आणतो. आमचा छोटा व्यवसाय, वर्षाला चार-पाच कंटेनर. दोन वर्षांपूर्वी एका बंदरात माझा माल अडवला. आम्ही सगळे भाग ८४४८ या कोडात दाखवले होते, मागांचे भाग म्हणून. अधिकाऱ्यांनी सांगितलं, यातले नट-बोल्ट, स्प्रिंगा आणि रबरी पट्टे चुकीच्या कोडात आहेत. माल मागाचाच आहे, दुसरीकडे कुठे लागतच नाही, हे मी परोपरीने सांगितलं. सोळा दिवस गेले. दंडापेक्षा सीएफएसचं (बंदराबाहेर कंटेनर ठेवतात-तपासतात त्या आवाराचं) भाडं आणि जहाज कंपनीचं कंटेनर डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचे पैसे, जास्त झाले. चोर असल्यासारखं वाटलं. मी काहीच लपवलं नव्हतं.

शेवाकाठ

दादा, तुमची नियत साफ होती यात शंका नाही. पण या एका मुद्द्यावर अधिकारी बरोबर होते, आणि तुमच्या ब्रोकरने हे आधी सांगायला हवं होतं.

या कोडांची पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेची आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. नुसतं कोडाचं नाव वाचून चालत नाही, विभागाच्या सुरुवातीच्या टिपा वाचाव्या लागतात. यंत्रांचा जो विभाग आहे त्याची पहिलीच टीप सांगते की सर्वसाधारण वापराचे भाग इथे धरायचे नाहीत. म्हणून लोखंडी बोल्ट मागाला लागो की ट्रॅक्टरला, तो ७३१८मध्येच जातो. स्प्रिंग ७३२०मध्ये. व्हल्कनाइज्ड रबराचा पट्टा ४०१०मध्ये. पिकर किंवा हील्ड फ्रेमसारखी वस्तू, जी मागाशिवाय दुसरीकडे निरुपयोगी, ती ८४४८.

आता पुढच्या वेळेसाठी. एक, शंका असेल तर माल मागवायच्या आधीच आगाऊ निर्णय मागता येतो. त्यासाठी मुंबई आणि दिल्लीला स्वतंत्र प्राधिकरणं आहेत. मिळालेला निर्णय तुमच्यावर आणि कस्टम्सवर तीन वर्षं बंधनकारक, मधे कायदा बदलला नाही तर. लहान आयातदार हे फार कमी वापरतात, याचं मला वाईट वाटतं. दोन, वाद झालाच तर कलम १८खाली तात्पुरत्या मूल्यांकनाची मागणी करा. बंधपत्र आणि हमी देऊन माल सोडवता येतो, वाद मागाहून चालू राहतो. माग बंद पडत नाही. तीन, कस्टम्सने माल जप्त केला किंवा अडकवून ठेवला असेल तर त्या काळाचं भाडं सीएफएसने घ्यायचं नाही, असं २००९च्या कार्गो हाताळणी नियमांत आहे. जहाज कंपन्यांसाठीही २०१८च्या नियमांत तशीच तरतूद आहे. त्यासाठी कस्टम्सकडून दाखला मागून घ्यायचा. तो दाखला दाखवूनही पैसे सोडवायला भांडावं लागतं, हेही खरंच सांगतो. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका, पहिल्या दिवसापासून लेखी अर्ज.

आणि सोळा दिवस हे फारच झाले. त्याचं समर्थन मी करणार नाही. कोडाचा वाद होता, धोक्याचा नव्हता.

साचाकाठी

तात्पुरत्या मूल्यांकनाचं मला कुणीच सांगितलं नाही. लिहून ठेवलं.

तणनाशी

कृषी महाविद्यालयात शिकवतो. सीमेवर सोनं आणि अमली पदार्थ पकडले की बातमी होते, पण एक बी सुटलं की काय होतं ते आपण रोज रस्त्याच्या कडेला बघतो. गाजरगवत! आपण ज्याला काँग्रेस गवत म्हणतो ते. १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं, आणि अमेरिकेतून मदतीच्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. एक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्यामुळे कुणाला अंगावर पुरळ, कुणाला दमा, आणि सत्तर वर्षं झाली तरी आपण ते उपटतोच आहोत. परदेशातून रोप, बियाणं, लाकूड काही आणलं तर वनस्पती संगरोधाचा, म्हणजे कीड-रोग-तण येत नाही ना हे तपासल्याचा दाखला मागतात. त्यावर चिडू नका, ही विनंती. लाकडी खोक्यांवरचा, कीड मारायला धुरी दिल्याचा शिक्का बघतात तोही याचसाठी. आमच्या गावची एक ओळखीची मुलगी युरोपातून फुलांचे कंद बॅगेत घालून आणणार होती. मी हात जोडून थांबवलं.

वाळवंटी जाई

मी अबुधाबीला राहते. दोन वर्षांपूर्वी धाकट्या नणंदेच्या लग्नाला आले तेव्हा अंगावर सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या आणि माझं मंगळसूत्र होतं. दोन्ही भारतातच घडवलेलं. भारतातल्या एका विमानतळावर मला चार तास बसवून ठेवलं. पावती कुठली आणणार, पाटल्या सासूबाईंच्या लग्नातल्या. शेवटी सोडलं, पण लेकीसमोर झालेला तो अपमान विसरत नाही. माझं चुकलं कुठे?

शेवाकाठ

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही. एक कागद नव्हता, आणि तो काढायचा असतो हे कुणी सांगत नाही. भारतातून परदेशी जाताना अंगावरचे किंवा बॅगेतले जडजवाहीर कस्टम्सला दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडून वजन-मूल्यांकनाचा दाखला जवळ ठेवा, आणि विमानाच्या वेळेच्या बरंच आधी जा. परत येताना तो कागद दाखवला की प्रश्न मिटला.

मर्यादेचाही घोळ होता. २०१६च्या बॅगेज नियमांत, वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम दागिने, पण १ लाख रुपयांपर्यंत. पुरुषाला २० ग्रॅम, पण ५०,००० रुपयांपर्यंत. तेव्हा लाखात तीन तोळ्यांहून जास्त सोनं यायचं. भाव तोळ्याला लाखाच्या घरात गेला आणि ४० ग्रॅमची सवलत प्रत्यक्षात एका तोळ्यावर आली. प्रामाणिक बायकांना त्याचा फार त्रास झाला. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचून घ्या. आणि शंका असेल तर विमानतळावर लाल मार्गिकेत, म्हणजे काही जाहीर करायचं असलेल्यांच्या रांगेत, जाऊन स्वतःहून सांगा. स्वतःहून जाहीर केलेली वस्तू आणायला मनाई असली किंवा शुल्क भरायचं नसलं, तर कलम ८०खाली ती ठेवून घेऊन परत जाताना मिळू शकते. हिरव्या मार्गिकेतून गेलात आणि मग सापडली, तर तीच वस्तू जप्त होते.

तुम्हाला चार तास का बसावं लागलं? कारण रोज त्याच विमानांतून पोटात, बुटात, पेस्ट करून अंतर्वस्त्रांत सोनं येतं. साधा हिशेब करा. किलोला ७० लाख धरले आणि शुल्क १५ टक्के असेल, जे २०२२च्या जुलैपासून होतं, तर चोरून आणणाऱ्याचे साडेदहा लाख वाचतात. २०२४च्या जुलैत शुल्क ६ टक्के झालं, म्हणजे तेच सव्वाचार लाखांच्या आत आलं. माणूस जोखीम घेतो ती या फरकासाठी. शुल्क उतरवलं की प्रामाणिक प्रवाशाकडे संशयाने बघायची गरजही उतरते. दर्यालगत काकांनी १९९२चं जे लिहिलंय तेच हे.

काटेकोर

एक बाजू राहिली. पकडल्यावर काय? बैरूतला ४ ऑगस्ट २०२०ला बंदरातल्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, दोनशेहून जास्त माणसं मेली. तो माल अडवलेलाच होता. तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी त्याची विल्हेवाट लावा म्हणून न्यायालयाला अनेकदा पत्रं लिहिली होती, तरी तो वर्षानुवर्षं पडून राहिला. त्या स्फोटानंतर आपल्याकडे शोधाशोध झाली, तेव्हा चेन्नईजवळच्या एका सीएफएसमध्ये २०१५पासून जप्त केलेलं सुमारे ७०० टन तेच रसायन निघालं. लिलाव करून हलवलं. अडवणं हे अर्धंच काम आहे.

शेवाकाठ

शंभर टक्के. बेवारस कंटेनर हे आमच्याकडचं जुनं दुखणं आहे. आयातदार माल सोडून पळतो, आत भंगार नाहीतर वापरलेले टायर नाहीतर ई-कचरा. कायद्याने तीस दिवसांत माल सोडवला नाही तर विकता येतो, पण घातक कचरा कोण विकत घेणार? तो मूळ देशात परत पाठवायचा तर खर्च कोणी करायचा यावर कागद फिरत राहतात. आणि तो सगळा वेळ तो कंटेनर आमच्या गावाला लागूनच उभा असतो.

करंजा बंदर

शेवाकाठ दादा, मीही उरण तालुक्यातली. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला कस्टममध्ये जायचंय. वडील मासेमारी करतात, क्लासला फार पैसे नाहीत. वाट कुठली?

शेवाकाठ

ताई, दोन वाटा आहेत. सरकारी नोकरीसाठी कर्मचारी निवड आयोगाची सीजीएल परीक्षा. त्यातून प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर आणि एक्झामिनर ही पदं मिळतात. कुठलीही पदवी चालते. त्यासाठी उंची-चालण्याची शारीरिक चाचणी असते, ती आधी वाचून घ्या. प्रिव्हेंटिव्ह म्हणजे गणवेश, बंदर, जहाजावर चढून तपासणी. एक्झामिनर म्हणजे माल आणि त्याची किंमत. त्याहून वर जायचं असेल तर यूपीएससी.

दुसरी वाट माझी. आधी एखाद्या ब्रोकरकडे एच-कार्डवर, म्हणजे परीक्षा न दिलेल्या मदतनिसाच्या कार्डावर, कामाला लागायचं, मग कस्टम्सची परीक्षा देऊन जी-कार्ड. पगार सुरुवातीला कमी, पण टॅरिफचं, म्हणजे कोड आणि शुल्कदरांचं, पुस्तक हाताखालून जातं. शेव्याला आता बऱ्याच मुली हे काम करतात, मी लागलो तेव्हा एक-दोनच होत्या.

माझ्याकडे मागच्या वर्षीचं टॅरिफ आणि कायद्याचं पुस्तक आहे, खुणा केलेलं. निरोपातून कळवा, उरण नाक्यावर आणून देतो.